आमच्या फ्रिजवरचा कोंबडा

मागच्या डिसेंबरात पणजीला गेलो होतो. म्हणजे तसं आमचं जाणं होतच असतं, आमचं गाव बांद्याजवळ, तिथून पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवाच, बाबा तर स्कूटरमध्ये पेट्रोल भरायला सुद्धा तिकडे जायचे. पण पाहुणा होऊन गोवा बघायची सवय नाही. या वेळी सोबत पुण्याच्या ऑफिसातले तिघं होते, त्यांना फोन्तेन्हास, पणजीतली जुनी पोर्तुगीज धाटणीची वस्ती, बघायचं होतं, मग रीतसर पैसे भरून हेरिटेज वॉक घेतला. पिवळ्या-निळ्या भिंती, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या, दर दहा पावलांवर कुणीतरी पोज देतंय. एका कुंपणाच्या भिंतीवर सिमेंटचा रंगवलेला कोंबडा होता, काळा, लाल तुऱ्याचा, अंगावर बदाम आणि ठिपके. आमचा गाईड, विशीतला गोड पोरगा, म्हणाला, हे पोर्तुगीजांच्या काळापासून चारशे-पाचशे वर्षं इथे आहे, गोव्याच्या संस्कृतीचं प्रतीक, लकी असतं. सगळ्यांनी फोटो काढले. शेजारच्याच घराच्या सोप्यावर एक म्हातारी बसली होती, फुलाफुलांचा झगा, मांडीवर सूप, सुकी सुंगटं (कोळंबी) निवडत होती, त्या वासामुळे मी तिच्याकडे वळलो होतो खरं तर. ती मान वर न करता, सुपातल्या सुंगटांना सांगावं तशी म्हणाली, "आमी ल्हान आसताना हो कोंबो हांगा नासलो."

गाईडला ऐकू गेलं नाही, किंवा गेलं असेल आणि त्यानं सोडून दिलं असेल. मला गेलं. आणि तरी पुढच्या कोपऱ्यावरच्या दुकानातून दोनशेचा तो कोंबडा मी घासाघीस करून दीडशेला घेतलाच, फ्रिजवर लावायचा मॅग्नेट.

घरी आल्यावर तो गॅसचं कार्ड आणि डबेवाल्या मावशींचा हिशोबाचा कागद धरून बसला. रोज पाणी प्यायला जायचो तेव्हा समोर. आणि रोज ते वाक्य. नासलो म्हणजे? नव्हता, तर मग केव्हा आला? एका रात्री झोप येत नव्हती म्हणून शोधायला लागलो आणि मग दोन-तीन महिने तेच चाललं. कोंबड्याची गोष्ट सापडायला वेळ लागत नाही, पोर्तुगालच्या उत्तरेला बार्सेलुश नावाचं गाव आहे तिथली दंतकथा. एक यात्रेकरू स्पेनमधल्या सांतियागोच्या तीर्थाला निघालेला, गावात चोरी झालेली, परका माणूस सापडला म्हणून आळ त्याच्यावर, फाशीची शिक्षा. तो म्हणाला मला शेवटचं न्यायाधीशाकडे न्या. न्यायाधीश जेवायला बसलेला, ताटात भाजलेला कोंबडा. हा म्हणाला, मी निर्दोष आहे, मला फाशी देताना हा कोंबडा उठून आरवेल. आणि आरवला म्हणे. छान आहे गोष्ट, आपल्या आजीनं सांगावी तशी. पण गोष्ट जुनी असली तरी आपल्या फ्रिजवरचा हा कोंबडा काही तितका जुना नाही. बार्सेलुशच्या बाजारात कुंभार मातीच्या शिट्ट्या, बाहुल्या, जनावरं विकायचे त्यातलंच हे एक खेळणं. १९३५ साली जिनिव्हाला पोर्तुगीज लोककलेचं प्रदर्शन भरलं, पुढच्या वर्षी लिस्बनला, तिथून हा मातीचा कोंबडा लोकांच्या नजरेत भरायला लागला आणि पुढच्या वीस-तीस वर्षांत अख्ख्या देशाचं चिन्ह होऊन बसला. प्रदर्शनं भरवणाऱ्या खात्याचं नाव राष्ट्रीय प्रचार सचिवालय. हुकूमशहा सालाझारचं प्रचार खातं. आणि त्या खात्याचा प्रमुख अंतोनिओ फेरो.

मी हे नाव आधी ऐकलंही नव्हतं.

प्रचारमंत्री म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तो एकच लंगडणारा, हडकुळा, माइकसमोर किंचाळणारा जर्मन, गोबेल्स, येतो. गंमत म्हणजे १९३३ मध्ये त्याला ते खातं मिळालं त्याच वर्षी लिस्बनला फेरोलाही मिळालं, पण हा प्राणी अगदीच वेगळा. गुबगुबीत, हौशी, गप्पिष्ट. १९१५ मध्ये लिस्बनमध्ये 'ओर्फेउ' नावाचं एक मासिक निघालं, फक्त दोन अंक निघाले पण पोर्तुगीज साहित्याची दिशा त्यानं बदलली, कवी फर्नांडो पेसोआ आणि त्याची मित्रमंडळी. त्याचा संपादक म्हणून छापलेलं नाव फेरोचं, वय १९. कायद्यानं तो अजून सज्ञान नव्हता, त्यामुळे काही लफडं झालंच तर याला धरता येणार नाही म्हणून मित्रांनी मुद्दाम याचं नाव टाकलं असं सांगतात. मला हे वाचून फार हसू आलं, कारण आयुष्याची सुरुवातच दुसऱ्यांनी केलेल्या गोष्टीवर आपलं नाव लावण्यापासून, पुढे त्यानं तेच उलट्या बाजूनं केलं. मग हा ब्राझीलला गेला, जॅझवर भाषणं दिली, कादंबरी लिहिली, नव्या काळाचा, मोटारींचा, सिनेमाचा वेडा. आणि पत्रकार झाल्यावर त्याला वेगळाच नाद लागला, हुकूमशहांच्या मुलाखती घेण्याचा. मुसोलिनी एकदा नाही तीनदा, स्पेनचा प्रिमो द रिव्हेरा. या दौऱ्यांचं त्यानं १९२७ मध्ये पुस्तकच काढलं. लोक काशी-रामेश्वर करतात तसं.

आणि घरी काय होतं? घरी सालाझार. कोइम्ब्राचा अर्थशास्त्राचा प्रोफेसर, अविवाहित, गर्दीचा कंटाळा, भाषण म्हणजे कागद वाचून दाखवणार, १९२८ पासून अर्थमंत्री आणि १९३२ पासून पंतप्रधान. खर्चाला कात्री लावणारा हिशेबनीस म्हणून लोक ओळखत, पण त्याच्या नावानं जीव टाकावा असं त्याच्यात काही नव्हतं. फेरोनं पेपरात लिहिलं की हुकूमशहा आणि गर्दी यांच्यामध्ये कुणीतरी दिग्दर्शक लागतो, दिवे-पडदे सांभाळणारा. अर्ज करायची ही पण एक पद्धत. डिसेंबर १९३२ मध्ये त्यानं सालाझारच्या लांबलचक मुलाखती घेतल्या, ओळीनं छापल्या, लगेच पुस्तक, अनेक भाषांत अनुवाद. त्यात एक जागा आहे ती वाचून मी मोबाईल बाजूला ठेवला होता. फेरो त्याला विचारतो की राजकीय कैद्यांना मारहाण होते म्हणतात, खरं का. सालाझार सांगतो की चौकशी केली, मारहाण झालेले सगळे बॉम्बवाले होते, बॉम्ब कुठे लपवलेत ते सांगत नव्हते, मग लहान मुलांचे जीव वाचवायला अशा माणसांना वेळेवर अर्धा डझन तडाखे दिले तर काय बिघडलं. फेरोनं हे लपवलं नाही. छापलं. एका सभ्य, थकलेल्या, प्रामाणिक माणसाच्या तोंडी ते असं बसवलं की वाचणाऱ्याला पटावं. प्रश्न विचारला गेला, उत्तर मिळालं, विषय संपला. वर्षभराच्या आत फेरो खात्याचा प्रमुख.

ऑक्टोबर १९३३ मध्ये त्या खात्याच्या उद्घाटनाला सालाझार जे बोलला त्याचा मतलब असा की राजकारणात लोकांना जे आहे म्हणून माहीत असतं तेवढंच असतं. मला एकदम आपली म्हण आठवली, कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही. हा बाबा नेमकं उलटं म्हणत होता की राहतं. आणि खोटं कशाला बोला, पोर्तुगालमध्ये १९२६ ते १९७४, तब्बल ४८ वर्षं राहिलं. कोंबडं झाकायचं काम सेन्सॉरकडे होतं, निळ्या पेन्सिलीनं बातम्या खोडणारे लष्करी अधिकारी. फेरोला त्या पेन्सिलीत मजा वाटत नसावी. त्याच्या डोक्यात दुसरीच आयडिया, झाकलेल्या कोंबड्याच्या जागी एक रंगवलेला देखणा कोंबडा ठेवून द्यायचा. या धोरणाला त्यानं नाव दिलं होतं आत्म्याचं धोरण. सिनेमाच्या फिरत्या गाड्या गावोगाव, बॅले कंपनी, साहित्याची बक्षिसं, आणि १९४२ पासून पोझादा नावाच्या छोट्या सरकारी अतिथिगृहांची साखळी, जिथे गावच्या पद्धतीचं जेवण, हातमागाचे पडदे, मातीची भांडी आणि घरच्यासारखं वाटणं. आज आपण ज्याला बुटीक स्टे म्हणतो आणि रात्रीचे आठ हजार देतो.

त्या काळच्या पोस्टर्समधलं एक मी बराच वेळ झूम करून बघत बसलो. सालाझार सरकारात येऊन दहा वर्षं झाली म्हणून १९३८ मध्ये खात्यानं सात पोस्टर्सचा संच काढला आणि प्राथमिक शाळांना वाटला, सालाझारचे धडे. शेवटचं पोस्टर देव, देश आणि कुटुंब. शेतकऱ्याचं घर, संध्याकाळ. बाप खांद्यावर कुदळ टाकून दारात आलाय. आई चुलीपाशी. मुलगी खाली खेळतेय, मुलगा युवक संघटनेच्या युनिफॉर्ममध्ये. टेबलावर पाव. एका बाजूला क्रूस. आणि खिडकीतून लांब टेकडीवर किल्ला, किल्ल्यावर झेंडा. चित्र वाईट नाही हो, खरंच नाही, उबदार आहे, आमच्या बालभारतीत असंच एक घर होतं आणि मला त्या घरात राहायला जावंसं वाटायचं. पण झूम केल्यावर दिसतं की घरात दिवा नाही. नळ नाही. रेडिओ नाही. तेव्हा तिथल्या निम्म्याहून जास्त लोकांना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि हे चित्र सांगतंय की काही कमी नाही, असंच छान आहे, असंच राहा. विजेच्या, जॅझच्या, मोटारींच्या नादानं वेडा झालेला माणूस वीस वर्षांनी बिनविजेच्या घराचं पोस्टर शाळाशाळांत पाठवतो. त्याच्या स्वतःच्या घरी दिवे असणारच की.

त्याच वर्षी त्यानं स्पर्धा काढली, पोर्तुगालमधलं सर्वात पोर्तुगीज गाव कुठलं. बाहेरचं वारं न लागलेलं, जुने कपडे, जुनी घरं, जुनी गाणी टिकवलेलं गाव. शेवटच्या फेरीत बारा गावं, परीक्षक मंडळी गाडीतून गावोगाव हिंडली. प्रत्येक गावात लोक नटूनथटून उभे, बायका डफ वाजवतायत, कुणी सूत काततंय, कुणी लग्नाची मिरवणूक करून दाखवतंय. हे वाचताना मी आमच्या गावातच जाऊन पोचलो. ग्रामस्वच्छता अभियानाची कमिटी यायची होती तेव्हा मी कॉलेजात होतो, सुट्टीला गेलेलो. आठ दिवस गाव झाडून काढलेलं, घराघराला एकाच रंगाचा चुना, गोठ्यांच्या पुढे रांगोळ्या, मराठी शाळेच्या पोरींना नऊवारी नेसवून फुगड्या घालायला उभं केलेलं, आणि आमच्या चुलत आजोबांना, जे आयुष्यभर हाफ पॅंट आणि बनियनवर वावरले, त्यांना फेटा बांधून पिंपळाच्या पारावर बसवलं होतं. कमिटी चार तास उशिरा आली. आजोबा चार तास फेटा घालून बसले आणि घामानं रंग कपाळावर उतरला. मला तेव्हा त्याचं हसू आलं होतं, पण खोटं नाही सांगत, गाव त्या दिवशी इतकं सुंदर दिसत होतं की मला जरा भरून पण आलं होतं. नंबर तालुक्यात तिसरा. चुना पुढच्या पावसात गेला.

तिकडे नंबर आला मोन्सान्तोचा. (गूगलवर नुसतं मोन्सान्तो टाकलं तर कापसाचं बियाणंच येतं, पुढे पोर्तुगाल लिहावं लागतं.) स्पेनच्या सीमेजवळ डोंगरावरचं गाव, हत्तीएवढे ग्रॅनाइटचे दगड आणि त्यांच्या फटींत बसवलेली घरं, एका घराचं तर छप्पर म्हणजे एकच धोंडा. बक्षीस काय, तर चांदीचा कोंबडा! गावातल्या टॉवरच्या टोकावर कोंबडा आजही आहे. स्पर्धा खरं तर दर दोन वर्षांनी घ्यायची होती, पण पुन्हा कधी झालीच नाही, त्यामुळे मोन्सान्तो १९३८ पासून आजतागायत सर्वात पोर्तुगीज गाव. साठच्या दशकात लाखो पोर्तुगीज देश सोडून फ्रान्सकडे गेले, कितीतरी जण कागदपत्रांशिवाय, डोंगरातून पायी. त्या भागातली खेडी रिकामी झाली. चांदीच्या कोंबड्यानं पोट भरत नाही. आता मात्र तिथे टुरिस्ट असतात, मधे एका गाजलेल्या इंग्रजी मालिकेचं शूटिंग झालं, आणि प्रत्येक ब्लॉगर अगदी निरागसपणे लिहितो की हे सर्वात पोर्तुगीज गाव. कुणी ठरवलं, कशासाठी ठरवलं, ते कुणी विचारत नाही. मी तरी कुठे विचारलं असतं, ती सुंगटंवाली म्हातारी नसती तर.

पेसोआचं प्रकरण मला जास्त सतावतं. १९३४ मध्ये फेरोच्या खात्यानं कवितेचं बक्षीस ठेवलं. पेसोआनं पाठवलेला संग्रह, त्याच्या हयातीत पोर्तुगीजमध्ये निघालेलं ते एकच पुस्तक, पण पानं कमी भरली म्हणून तो दुसऱ्या गटात टाकला गेला. पहिलं बक्षीस एका पाद्र्याला, ज्याला आज कुणी वाचत नाही. फेरोनं पेसोआच्या बक्षिसाची रक्कम वाढवून पहिल्याइतकी केली. जुन्या मित्राची कदर. म्हणजे बघा, विसाव्या शतकातला सगळ्यात मोठा पोर्तुगीज कवी जिवंतपणी ओळखला कुणी, तर हुकूमशहाच्या प्रचारवाल्यानं. याला वाईट म्हणायचं कसं? आणि मग १९३५ च्या फेब्रुवारीत बक्षीस समारंभ, सालाझारनं तिथे लेखकांना कसं लिहावं याचे धडे दिले, आणि पेसोआ आलाच नाही. पुढच्या महिन्यात त्यानं सालाझारच्या नावाची फोड करून टिंगलीच्या कविता लिहिल्या, साल म्हणजे मीठ, अझार म्हणजे दुर्दैव, पाऊस आला की मीठ विरघळतं आणि मागे काय उरतं ते बघा. छापणं अर्थातच शक्य नव्हतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो गेला. बक्षिसाचे पैसे त्यानं घेतले होते. मला या दोघांतल्या कुणाचाच धड राग येत नाही आणि त्याचाच त्रास होतो.

आता आमच्या बाजूचं. गोव्याचं मी पुस्तकातून शिकलो नाही, घरात ऐकलंय. आजीची मावसबहीण पेडण्याला दिलेली, ती सांगायची की लग्नपत्रिका छापायची तरी सरकारी मंजुरी लागायची, सेन्सॉरचा शिक्का. भटजींचं नाव, मुहूर्त, आपले विनीत, त्यात सालाझारला काय खुपणार होतं देव जाणे. १८ जून १९४६ ला मडगावात लोहिया बोलायला उभे राहिले ते याच असल्या गोष्टींच्या विरोधात, बोलायचं तरी स्वातंत्र्य द्या. त्याच साली गोव्याच्या स्वातंत्र्यासाठी झगडणाऱ्या त्रिस्तांव ब्रागांझा कुन्यांना लष्करी कोर्टापुढे उभं करून आठ वर्षांची शिक्षा दिली आणि पोर्तुगालला पेनिशच्या किल्ल्यात टाकलं. तोपर्यंत तिकडे फेरोच्या खात्याचं नाव बदललं होतं, १९४४ पासून ते माहिती, लोकसंस्कृती आणि पर्यटन यांचं राष्ट्रीय सचिवालय झालं होतं, प्रचार हा शब्द बदनाम झाला होता ना. आणि नाव असं गोड झालं त्याच वेळी निळ्या पेन्सिलीचा कारभारही त्याच खात्यात आला. एका टेबलावर कोंबडा, शेजारच्या टेबलावर पेन्सिल.

आमचे आजोबा १९५५ च्या गोवामुक्तीच्या सत्याग्रहात नव्हते, हे ते स्वतःच स्पष्ट सांगायचे, कारण नंतर बरेच जण होतो म्हणायला लागले. त्यांचं काम बांद्याला येणाऱ्या सत्याग्रहींच्या भाकऱ्यांचं. १५ ऑगस्टला पहाटे भाकरी खाऊन गेलेल्यांतले काही संध्याकाळी खांद्यावरून परत आले, एवढंच सांगायचे आणि गप्प व्हायचे. सालाझारचं नाव त्यांच्या तोंडी शिवीसारखं होतं, अडेल म्हशीला सुद्धा ते सालाझार म्हणायचे. पण त्यांच्याकडे मर्फीचा रेडिओ होता आणि त्यावर पणजीचं एमिसोरा द गोवा लागायचं, १९४६ मध्ये सुरू झालेलं, आणि आजोबा अगदी मान डोलावत सांगायचे की गाणी काय लावायचे रे, आवाज किती स्वच्छ, मुंबई केंद्र सुद्धा तसं लागायचं नाही. लहानपणी मला हे विचित्र वाटायचं. शत्रूचा रेडिओ ऐकायचा? आजोबा म्हणायचे, गाणं कसलं शत्रूचं. नोव्हेंबर १९५५ पासून त्याच मर्फीवर दुसराही आवाज यायला लागला, लिबिया लोबो आणि वामन सरदेसाईंचं गुप्त केंद्र, आधी आंबोलीच्या जंगलातून आणि मग कॅसलरॉकहून, ट्रकमध्ये बसवलेलं ट्रान्समीटर, कोकणीतून आणि पोर्तुगीजमधून सालाझारच्या बातम्या खोडून काढायच्या. डिसेंबर ६१ पर्यंत, सहा वर्षं, जंगलात, जळवा आणि पाऊस. आजोबा दोन्ही ऐकायचे. बातम्या जंगलातल्या, गाणी पणजीची.

गोवा सुटल्यावर सुद्धा गोवामुक्तीसाठी लढलेले मोहन रानडे लिस्बनजवळ कशियशच्या तुरुंगात होते, १९६९ पर्यंत, त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके वर्षानुवर्षं खटपट करत होते, हे आमच्याकडे गाणं लागलं की आजोबा हमखास सांगायचे. १९६८ मध्ये सालाझार खुर्चीवरून पडला, डोक्याला मार लागला, खुर्ची गेली, पण त्याला ते कुणी सांगितलंच नाही म्हणतात, १९७० मध्ये मरेपर्यंत माणसं त्याच्याकडे जायची आणि अजून तोच राज्य करतोय असं भासवायची. फेरो तोवर नव्हता. असता तर त्याला हा प्रयोग आवडला असता, प्रेक्षक एकच आणि तो पण हुकूमशहा.

दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या कामासाठी लिस्बनला चार दिवस होतो. तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. रेस्ताउरादोरेस चौकात एक गुलाबीसर राजवाडा आहे, पालासियो फोझ, तिथे आत जाऊन फुकटचा नकाशा घेतला, काउंटरवरच्या बाईंनी पेनानं गोल करून दिले, इथे जा, इथे जा, बेलेमला नक्की जा. गेलो. नदीकाठी दर्यावर्द्यांचं ते प्रचंड पांढरं स्मारक, जहाजाच्या नाळेसारखं, त्यावर ओळीनं माणसं, वास्को द गामा, अल्बुकर्क, फ्रान्सिस झेवियर. आपल्या शाळेच्या पुस्तकातले सगळे एका रांगेत बघून मला चक्क ओळखीची माणसं भेटल्यासारखं झालं आणि मी सेल्फी काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. आता कळलं की ते स्मारक मुळात १९४० च्या पोर्तुगीज जगताच्या प्रदर्शनासाठी तात्पुरतं उभारलेलं, सगळा युरोप पेटलेला असताना भरलेलं प्रदर्शन, फेरो त्याच्या मुख्य कारभाऱ्यांपैकी एक. दगडात ते १९६० मध्ये बांधलं, गोवा जायच्या एक वर्ष आधी. शेजारचं लोककलेचं संग्रहालय, १९४८ चं, ते तर फेरोचंच लेकरू. आणि तो गुलाबी राजवाडा म्हणजे त्याच्या सचिवालयाचं ऑफिस. म्हणजे काउंटरवरच्या त्या बाईंनी मला पेनानं गोल करून दिले ते प्रचार खात्याच्या इमारतीत बसून. त्या बिचारीचा यात काय दोष. पेनाची शाई निळी होती हे मात्र मी आता स्वतःच मनानं घालतोय बहुतेक, नीट आठवत नाही.

फेरोला स्वतःला शेवटी काय मिळालं? १९४९ च्या सुमारास त्याला हलवलं, बर्नला आणि मग रोमला वकिलातीत. राजाला गोष्ट सांगणाऱ्याची गरज संपली की त्याला लांबच्या सुभ्यावर पाठवतात. १९५६ मध्ये लिस्बनला वारला, वय ६१. कवितांचा संग्रह मरणानंतर आला, त्याच्या नावाचा अर्थ साधारण असा की मला माझीच आठवण येते. ती सौदादी, आपल्या गोव्याच्या मांडो गाण्यांतली हुरहुर तीच. कुठल्या स्वतःची आठवण येत असेल? ओर्फेउवर नाव लागलेल्या १९ वर्षांच्या पोराची असावी असं मला आपलं वाटतं, पण हा सुद्धा मीच त्याच्यावर चढवलेला रंग. १९७४ च्या एप्रिलमध्ये सैनिकांच्या बंदुकांत फुलं खोचली गेली आणि ते राज्य संपलं. निळी पेन्सिल गेली, गुप्त पोलीस गेले, पेनिशच्या किल्ल्याचं आता प्रतिकाराचं संग्रहालय झालंय. कोंबडा तेवढा कुणी काढला नाही. कशाला काढतील, गोजिरवाणा आहे, आणि कुंभारांची पोटं आहेत त्यावर. आणि २००७ मध्ये तिथल्या टीव्हीनं सर्वात थोर पोर्तुगीज कोण म्हणून लोकांची मतं घेतली तेव्हा पहिला आला सालाझार, ४१ टक्के मतांनी.

आपल्याकडे तरी काय वेगळं. १९५१ नंतर सालाझार जगाला ओरडून सांगत होता की गोवा ही वसाहत नाहीच, तो पोर्तुगालचाच तुकडा आहे, समुद्रापलीकडचा प्रांत. युनोत ते फारसं कुणाला पटलं नाही. आज मात्र कुठलंही रील उघडा, पोर्तुगालला जायला पैसे नाहीत तर फोन्तेन्हासला या, अगदी युरोप वाटतं. पेडण्याच्या मावसआजीचं शेणानं सारवलेलं अंगण, शिगमो, मांडवीवरची फेरी, हे त्या रीलमध्ये बसत नाही. कोंबडा बसतो. तो रील आमच्या ऑफिसच्या तिघांनी पण टाकला, खाली मी लाइक केलंय.

मॅग्नेट काढून टाकू का असं बायकोला विचारलं तर ती म्हणाली, काढ, पण गॅसचं कार्ड मग कशानं लावणार ते आधी सांग. तर तो अजून तिथेच आहे.

यंदा चतुर्थी झाल्यावर पणजीला एकटाच गेलो होतो, कामासाठी, आणि पाय आपसूक तिकडे वळले. पावसानं भिंतींना शेवाळ धरलेलं, टुरिस्ट कमी. म्हातारी सोप्यावरच होती, सूप नव्हतं, पेपर होता. तिच्या फाटकाशेजारी खांबावर नवाकोरा कोंबडा, काळा, लाल तुऱ्याचा, अजून ऑइलपेंटचा वास येत होता, खाली होमस्टेचा बोर्ड. मी थांबून बघत राहिलो. मालवणीतून विचारलं, आजी, मागच्या टायमाक तुम्ही म्हणालात ह्यो कोंबो हयसर नव्हतो. तिनं चष्मा वर केला, मला ओळखलं वगैरे काही नाही. "नासलो," म्हणाली. "आतां आसा. नातवान हाडला." मग बोर्डाकडे बोट करून म्हणाली, "फोटो काडपाचो जाल्यार काड. आनी मोबायलार तीं कितें तीं नखेत्रां दितात न्ही, पांच दी म्हणटा तो."